गांडूळ कुठलं?

जीवविचार पाठ केलेल्या प्रत्येकीला बेइंद्रिय जीवांची यादी आठवत असेल. शंख, कवडी, जळू यांच्या रांगेत तिथे ‘गंडुल’ आणि ‘अलस’ असे दोन प्राकृत शब्द येतात. शांतिसूरींच्या या छोट्याशा प्रकरणाला हजारेक वर्षं होऊन गेली. माझं माहेर बारामतीचं, शाळा मराठी. लग्न होऊन करजणला आले तेव्हा इथल्या पाठशाळेत बेन अर्थ सांगायच्या की गंडुल म्हणजे पोटात होतात ते जंत, आणि अलस म्हणजे अळसियुं. मला मोठी गंमत वाटली. मराठीतलं गांडूळ पहिल्या शब्दाच्या गोत्रातलं, गुजरातीतलं अळसियुं दुसऱ्याच्या. प्राणी मात्र एकच.

निदान आपण तसं धरून चालतो. पावसाळ्यात ओट्यावर चढून आलेलं गांडूळ कागदाच्या तुकड्यावर अलगद घ्यायचं आणि बाजूच्या ओल्या मातीत सोडायचं, एवढं आपल्या घरांतल्या पोरांनाही ठाऊक असतं. ते कोणत्या जातीचं, इथलं की बाहेरचं, हे कोणी विचारत नाही. जीव तो जीव. पण एकट्या भारतात गांडुळांच्या चारशेहून जास्त जाती आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी मूळच्या इथल्या नाहीत. त्या कुठून आल्या, कोणाबरोबर आल्या, आल्यावर काय झालं, हा इतिहास आपल्याला शाळेत कोणी शिकवला नाही.

ज्या मुली शास्त्र शाखेला गेल्या त्यांना ‘फेरेटिमा पोस्थुमा’ हे नाव विसरता यायचं नाही. लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी १९२६ साली या गांडुळाच्या शरीररचनेवर एक ग्रंथ लिहिला, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून गांडूळ कापलं. आपल्या समाजातल्या किती मुलींनी त्या एका तासापायी शास्त्र सोडलं असेल! माझ्या धाकट्या बहिणीने प्रात्यक्षिकाला नकार दिला, तेव्हा तिच्या कॉलेजात तिला “मग कॉमर्सला जा” एवढंच उत्तर मिळालं. ती गेलीही. विद्यापीठ अनुदान आयोगाने वर्गातलं प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं ते २०१४ साली. तोवर तिची मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर आली होती.

तर ज्याच्या आकृत्या आपण ‘भारतीय गांडूळ’ म्हणून वहीत काढल्या, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८६८ साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने केलं, तेही जावा बेटावरच्या नमुन्यावरून. त्याचं मूळ घर आग्नेय आशियातलं. आता त्याचं नावही बदललंय, ‘मेटाफायर पोस्थुमा’ म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं आपण पाहुण्यालाच घरधनी समजत होतो.

याच्या अगदी उलट गोष्ट दुसऱ्या एका गांडुळाची. १८५१ ते १८५३ या काळात स्वीडनचं ‘युजिनी’ नावाचं लढाऊ जहाज पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं होतं. त्यावर किनबर्ग नावाचा डॉक्टर होता, तो प्राणिशास्त्राचाही अभ्यासक. जिथे जहाज थांबेल तिथले किडे-कृमी तो बाटलीत भरून ठेवी. १८६७ च्या सुमारास त्याने त्यातल्या गांडुळांची वर्णनं छापली. मॉरिशसवर मिळालेल्या एकाला त्या बेटावरूनच ‘लॅम्पिटो मॉरिशाय’ असं नाव पडलं. आणि हे गांडूळ तर आपलं! भारतभर शेतात, बागेत, ओढ्याकाठी सापडतं ते. मॉरिशसला आधी फ्रेंचांनी पाम्प्लमूसच्या बागेसाठी देशोदेशीची रोपं नेली, नंतर १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिये मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज अजून तिथे गणपती बसवतात. माणसं गेली, रोपं गेली, रोपांच्या मुळांशी माती गेली, आणि त्या जाण्यायेण्यात आपलं गांडूळ परक्या बेटाचं नाव लावून शास्त्राच्या पुस्तकात शिरलं.

त्याच सफरीत सेंट हेलेना बेटावर, म्हणजे नेपोलियन जिथे कैदेत वारला तिथे, आणखी एक गांडूळ मिळालं. त्याला जहाजाचं नाव मिळालं, आज त्याला ‘युड्रिलस युजिनी’ म्हणतात. जीव पश्चिम आफ्रिकेचा, सापडला भर समुद्रातल्या बेटावर, नाव स्वीडिश जहाजाचं. या युजिनीबाई लक्षात ठेवा. पुढे त्या आपल्या परसदारापर्यंत येणार आहेत.

गांडूळ स्वतःच्या बळावर लांब जात नाही. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत अभ्यासकांनी मोजलं, तर त्यांची आघाडी वर्षाला फार तर पाच-दहा मीटर सरकते. शंभर वर्षांत जेमतेम किलोमीटर! समुद्र ओलांडणं तर दूरच. जिथे म्हणून ते एकदम हजार कोसांवर दिसतं, तिथे त्याला माणसाने नेलेलं असतं. जहाजाचा तोल राखायला तळाशी भरलेली माती, गुराढोरांच्या खुरांना चिकटलेला चिखल, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे कुंडी. लंडनमध्ये नॅथानिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने काचेची बंद पेटी बनवली. १८३३ मध्ये अशा पेटीतून रोपं ऑस्ट्रेलियापर्यंत जिवंत पोचली, आणि मग जगभरची झाडं इकडची तिकडे होऊ लागली. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ ते १८५१ मध्ये चीनमधून चहाची हजारो रोपं याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. लंडनच्या क्यू उद्यानात परदेशातून आलेल्या पेट्यांतल्या मातीत गांडुळं निघत, ती बेडार्ड नावाच्या शास्त्रज्ञाकडे पोचत, आणि तो घरबसल्या नव्या जातींची वर्णनं लिही.

आपलं बडोदं यातून सुटलं असेल असं समजू नका. कमाटीबाग १८७९ चा. १८९३ साली सयाजीराव महाराजांनी आपल्या बागांसाठी क्रुंबिगल नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाला बोलावलं, तो आधी क्यूमध्ये काम केलेला. पुढे बंगलोरचा लालबाग सांभाळायला गेला तोवर, म्हणजे १९०७ पर्यंत, तो बडोद्यालाच होता. आणि आपल्या मियागामहून डभोईला जाणारी अरुंद रुळांची गाडी तर त्याच्याही आधीची, १८६२ ची. सुरुवातीला ती बैल ओढायचे. गाडीने कापूस बाहेर गेला, बाहेरची कलमं आत आली. कलमाला माती लागतेच.

त्यात काही जातींना नर-मादीचीही गरज नसते. एकच गांडूळ पोचलं तरी ते एकट्याच्या बळावर अंडी घालून वंश वाढवतं. ‘पॉन्टोस्कोलेक्स’ नावाचं दक्षिण अमेरिकेतलं गांडूळ तसलंच. फ्रिट्झ म्युलरने १८५७ मध्ये ब्राझीलमध्ये त्याचं वर्णन केलं. आज ते जगातल्या बहुतेक सगळ्या उष्ण देशांत आहे. केरळातल्या रबराच्या मळ्यांत, पश्चिम घाटातल्या लागवडींत खोदलं की तेच निघतं. जिथे जंगल तोडून मळा केला तिथे ते चटकन बसतं. एकटी बाई परगावी येऊन संसार थाटते त्याचं आपण कौतुक करू, पण इथे तिच्या संसारात शेजाऱ्यांना जागा उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, गांडूळच ना? शेतकऱ्याचा मित्र. आलं तर बरंच. मीही हेच म्हणत होते, मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तिथली हकीकत सांगेपर्यंत.

अमेरिकेचा उत्तरेकडचा भाग आणि जवळजवळ सगळा कॅनडा हिमयुगात बर्फाखाली होता. साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटलं. मातीतली गांडुळं त्याआधीच संपली होती, आणि दक्षिणेकडची तिथवर परत पोचली नव्हती. वर सांगितलेला वेग आठवा म्हणजे का ते कळेल. तर तिथली मेपलची, ओकची जंगलं हजारो वर्षं गांडुळांशिवाय वाढली. पानगळीची पानं वर्षानुवर्षं जमिनीवर साठत राहिली, बुरशी आणि बारीक जीव ती हळूहळू कुजवत राहिले, आणि खाली मऊ गादीसारखा थर तयार झाला. मेपलचं बी त्या गादीत रुजायचं. नेचे, रानफुलं तिच्यात मुळं धरायची. ओव्हनबर्ड नावाचा एक चिमुकला पक्षी तर जमिनीवरच, पानांच्या आडोशाने, घरटं बांधतो.

युरोपातून वसाहती आल्या तशी त्यांच्या रोपांबरोबर गांडुळंही आली. पुढे गळाला लावायचं आमिष म्हणून ती पेट्यांतून तळ्यातळ्यांवर पोचली. सुटीच्या दिवशी लोक मासे मारायला जातात, उरलेली गांडुळं जीव वाचवावा म्हणून काठावर सोडून देतात. यात दया आहे हो, नाही कशी! पण त्या काठावरून ती जंगलात शिरली, आणि हजारो वर्षांत साठलेली ती गादी काही वर्षांत फस्त करून टाकली. खाली उघडी, घट्ट माती राहिली. मेपलची रोपटी दिसेनाशी झाली, रानफुलं गेली, जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांना आडोसा उरला नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या सिंडी हेल आणि ली फ्रेलिक यांनी हे वर्षानुवर्षं मोजून नोंदवलं. शिवाय या आमिषाचा व्यापार केवढा! कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात रात्री ओल्या कुरणांत कपाळाला दिवे लावून माणसं वाकून गांडुळं वेचतात आणि दर वर्षी ती कोट्यवधींनी विकली जातात. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आता तिथे नवं संकट आलंय, आशियातून गेलेली उड्या मारणारी गांडुळं. हात लावला की सापासारखी वळवळतात म्हणून त्यांना ‘जंपिंग वर्म’ म्हणतात. हिवाळ्यात ती मरतात, पण त्यांचे कोश मोहरीच्या दाण्यापेक्षा मोठे नसतात, मातीच्या रंगाचे असतात आणि बर्फातही तग धरतात. माझ्या बहिणीच्या ओळखीतल्या बायका एकमेकींना रोपं द्यायच्या. मोगरा, कढीपत्ता, तुळस. हौसेने कुंडीसकट द्यायच्या. आता त्या मुळं पाण्याने स्वच्छ धुऊन, माती काढून रोप देतात. तुळससुद्धा!

प्रत्येक ठिकाणी नुकसानच झालं असंही नाही, हे सांगायला हवं. न्यूझीलंडमध्ये १९२० च्या दशकात रेतिही गावच्या एका शेतकऱ्याने युरोपातली गांडुळं आपल्या कुरणात नेऊन सोडली आणि गवत जोमाने वाढलं. पुढे सरकारी शास्त्रज्ञांनीही ते करून पाहिलं. पण तिथे मूळचं जंगल आधीच तोडून युरोपचं गवत पेरलेलं होतं; परक्या गवताला परकं गांडूळ मानवलं. उलट ब्राझीलमध्ये मनाउसजवळ जंगल तोडून कुरणं केली तिथे बाकीच्या जाती नाहीशा होऊन पॉन्टोस्कोलेक्सच उरलं, आणि त्याच्या विष्ठेने माती इतकी चिकट नि घट्ट झाली की पाणी मुरेना. १९९९ मध्ये हे शोधपत्रिकेत छापून आलं. गांडूळ म्हणजे भुसभुशीत माती, हे आपण फार घाईने पाठ केलेलं दिसतं.

हे पाठ करवलं डार्विनने. १८८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडमध्ये एकरी दहा टनांहून जास्त माती दर वर्षी त्यांच्या पोटातून जाते असा त्याचा हिशेब. त्याने घरातच कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवून परीक्षा घेतली. पियानो वाजवला, बासून वाजवलं. त्यांना काही ऐकू गेलं नाही. पण तीच कुंडी पियानोवर ठेवून स्वर वाजवताच ती झटकन बिळात शिरली. स्पर्श तीव्र, चवीची आवड निश्चित. तत्त्वार्थसूत्रात कृमीला स्पर्श आणि रस ही दोन इंद्रियं दिली आहेत, हे वाचकांना सांगायला नको. उजेडही त्यांना त्वचेतून जाणवतो असं त्याला दिसलं. त्याला डोळे म्हणायचं की नाही ते पंडितांनी ठरवावं.

शंभर वर्षांनी भारतात गांडूळखताची लाट आली. १९८० च्या दशकात बंगलोरच्या कृषी विद्यापीठात डॉ. राधा काळे यांनी या विषयाचा पाया घातला. बाईंनी ज्या गांडुळांवर काम केलं त्यात आपल्या युजिनीबाई प्रमुख होत्या, आफ्रिकेच्या. पुण्यात डॉ. उदय भवाळकरांनी कचरा आणि सांडपाण्यासाठी गांडुळं वापरायला घेतली. त्यांची जात फेरेटिमा कुळातली, खोल बीळ करणारी, मूळ आग्नेय आशियाकडची. त्याच सुमारास युरोपातलं तांबूस ‘आयसेनिया फेटिडा’ आलं. हेतू चांगलाच होता. रासायनिक खताने दमलेल्या जमिनीला विसावा मिळेल, बचतगटाच्या बाईला चार पैसे मिळतील. कृषी खात्यांनी अनुदानं दिली. प्लॅस्टिकच्या वाफ्यांतून, गोणत्यांतून ही गांडुळं गावोगाव पोचली, किलोच्या भावाने. पूर्वी ती चोरपावलांनी कुंडीतून यायची, आता पावती फाडून यायला लागली.

चेन्नईचे डॉ. सुलतान इस्माईल मात्र तेव्हापासून सांगत आले की बाहेरची कशाला, आपल्याच मातीतली घ्या. शेणात राहणारं ‘पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस’ आहे, मातीत राहणारं लॅम्पिटो आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि त्याचं कारण फक्त स्वदेशीचा अभिमान नाही. शेणातलं गांडूळ आणि शेतातलं गांडूळ यांचे संसार निराळे आहेत, हे विकणारे फारसं सांगत नाहीत. आयसेनिया नि युजिनी उकिरड्याच्या, कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या रहिवासी. त्यांना सतत ओल हवी, सावली हवी. करजणची जमीन काळी, कपाशीची. चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोणी ‘जमीन नांगरतील’ म्हणून विकत आणलेली ती गांडुळं उघड्या शेतात सोडली तर उन्हाळा काढत नाहीत. किती जणांनी सोडली! खताच्या नावाने पुण्य जोडायला गेलो आणि किलोभर बेइंद्रिय जीव तापलेल्या मातीत टाकून आलो, असा तो हिशेब होतो.

आमच्या बायकांच्या मंडळात हाच विषय निघाला. पांजरापोळीतलं शेण रोज निघतं, त्याचं गांडूळखत करावं, विकून चाऱ्याला हातभार लावावा, अशी सूचना आली. एका दुकानदाराने आफ्रिकी गांडुळांची पिशवी मोफत द्यायची तयारी दाखवली. तरुण सुनांना ते आवडलं. मी अमेरिकेची गोष्ट सांगितली, तर एकीने बरोबर अडवलं: “काकी, आपल्याकडे कुठे मेपलचं जंगल आहे? उन्हात मरतीलच म्हणता, मग पसरतील कशी?” तिचा मुद्दा खरा आहे. करजणच्या कोरड्या शेतात ती पसरणार नाहीत. पण खत गोणीतून जातं. त्यात कोश जातात, आणि गोणी कोणाच्या केळीच्या बागेत, नर्मदेच्या कालव्यालगतच्या ओल्या वाडीत, राजपिपळ्याकडच्या डोंगरातल्या कोणाच्या परसात रिकामी होईल ते आपल्या हातात राहत नाही. आपण जयणा म्हणतो ती पाऊल टाकण्यापुरती असते का?

त्यावर ज्येष्ठ मासींनी वेगळीच शंका काढली, आणि ती मला जास्त टोचली. त्या म्हणाल्या, “देशी होय का परदेशी, जीव किलोने विकायचा एटले शुं? श्रावकाला वर्ज्य पंधरा कर्मादानांत जिवांचा व्यापार आहे का नाही? आणि खत चाळता तेव्हा चाळणीत काय होतं?” कोणी बोललं नाही. चाळणीत काय होतं ते ज्यांनी वाफे केलेत त्या सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी असं ठरलं: पिशवी घ्यायची नाही. शेणाचा ढीग लिंबाच्या सावलीत, जमिनीवर, खाली फरशी न घालता करायचा, ओला ठेवायचा, वर पालापाचोळा. म्हणजे मातीतली गांडुळं आपणहून वर येतील, काम झालं की खाली जातील. चाळणी लावायची नाही. ढीग तयार झाला की एका बाजूला ताजं शेण टाकायचं. चार दिवसांत जीव तिकडे सरकतात, मग अलीकडचं खत हाताने काढायचं. वेळ जास्त लागतो आणि खत कमी निघतं. सुनांनी हिशेब मांडून दाखवला की यात चाऱ्याला फारसं काही उरणार नाही. मासी म्हणाल्या, नाही उरलं तर आपण भरू.

आषाढात पहिले दोन पाऊस झाल्यावर ढिगाखाली बोटभर लांब, करड्या-तपकिरी रंगाची गांडुळं दिसू लागली. उन्हाळाभर ती काळ्या मातीत खोल गुंडाळी करून पडून असतात. शेजारच्या भागियाने ती पाहिली आणि विचारलं, “केटलानी लाव्यां?” कितीला आणलीत? खत विकायचं की आपल्याच वाडीत, पांजरापोळीच्या झाडांना घालायचं, यावर बोलायला पर्युषणानंतर पुन्हा बसायचं आहे.